काळीची पांढरी होताना

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, मगरपट्ट्यासारखी टाउनशिप आपल्या बीडला का होत नाही?" वेळ संपली होती, म्हणून तो प्रश्न आम्ही तेव्हा बाजूला ठेवला. आज तोच घ्यायचा आहे. पण बीडला का होत नाही, हे नंतर बघू. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की मगरपट्ट्यासारखं म्हणजे नेमकं कशासारखं? तिथं घडलेल्या कोणत्या गोष्टीचं आपण कौतुक करतो? कारण आमच्या पाहण्यात असं आलंय, की कौतुक एका गोष्टीचं होतं आणि नक्कल दुसऱ्याच गोष्टीची होते.

सुरुवात आपल्या जुन्या शब्दांपासून करू. गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, पडक्या भिंतींची माती मिसळून वस्तीची जमीन पांढरट होते, म्हणून पांढरी, असं सांगतात. उपनगर वसतं म्हणजे काळीची पांढरी होते. महसुली भाषेत बिगरशेती, बाजाराच्या भाषेत एनए. शब्द बदलले तरी प्रसंग तोच, आणि तो फार गंभीर प्रसंग आहे. कारण पांढरी वसताना ठरतं, की गावात कोण, गावाबाहेर कोण, आणि गावाच्या उत्पन्नात कोणाचा वाटा किती. हे एकदा ठरलं की शे-दोनशे वर्षं बदलत नाही.

आता मगरपट्टा. हडपसर हे पुण्याच्या पूर्वेचं, सोलापूर रस्त्यावरचं गाव. तिथं मगर आडनावाच्या भाऊबंदांची आणि त्यांना लागून असलेल्या काही इतरांची मिळून सुमारे ४०० एकर शेती. कुटुंबं १२० च्या आसपास. भागाकार करा, घरटी तीन-साडेतीन एकर. म्हणजे ही काही जहागीर नव्हे. ऊस, भाजीपाला, बागायत. १९८० च्या दशकात पुण्याच्या विकास आराखड्यात हा भाग पुढंमागं शहरात जाणार, हे दिसायला लागलं. त्या वेळी १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा लागू होता. आराखड्यात जमीन शेतीची म्हणून दाखवलेली असेपर्यंत त्या कायद्याची झळ नव्हती. झोन बदलला की मात्र जादा जमीन सरकारजमा होण्याची भीती. दुसऱ्या बाजूनं बिल्डर आणि दलाल. या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यानं काय करायचं?

बहुतेक ठिकाणी काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. एकेकट्याला गाठून इसारपावती होते. चार पैसे येतात, माडी होते, गाडी होते, पोरीचं लग्न दणक्यात होतं, आणि दहा वर्षांनी तोच माणूस स्वतःच्याच जुन्या शेताच्या फाटकावर शिट्टी आणि काठी घेऊन उभा राहतो. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ मध्ये आला, तो एवढा चालला याचं कारण हाणामाऱ्या नव्हत्या. जमीन विकलेल्या बापाची आणि वाया गेलेल्या मुलाची ती गोष्ट पुण्याच्या भोवतालच्या प्रत्येक गावात कोणी ना कोणी जगलेलं होतं.

मगरपट्ट्यानं हे टाळलं. सतीश मगर यांच्या पुढाकारानं सगळ्यांनी जमिनी एकत्र केल्या, स्वतःची कंपनी काढली, आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा असं ठरवलं. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. २००० साली बांधकाम सुरू झालं. घरं विकली, आयटी कंपन्यांच्या इमारती मात्र भाड्यानं दिल्या, त्यामुळं एकदा रकमेचं गाठोडं मिळालं आणि संपलं असं न होता उत्पन्न चालू राहिलं. घरच्या पोरांना लहान-मोठी कंत्राटं घ्यायला शिकवलं. शाळा, दवाखाना, मोठ्ठी बाग, कचऱ्याचं वर्गीकरण, बायोगॅस. व्यवस्थापनाच्या संस्थांमध्ये याचा अभ्यास होतो, आणि व्हायलाच पाहिजे. शंभरावर भाऊबंद बांधाच्या वितीवरून कोर्टात न जाता एका कागदावर सह्या करतात, ही महाराष्ट्रात साधी गोष्ट नाही. आमच्याकडं सख्ख्या दोन भावांत बांध कोरण्यावरून डोकी फुटतात. त्यामुळं आज जी टीका करणार आहोत ती या कौतुकाला तिळभर धक्का न लावता. शेतकरी उठला नाही, भागीदार झाला, हे मोठंच झालं.

आता या गोष्टीची रचना बघा. 'शेतकऱ्यांनी शहर वसवलं' असं ती सांगितली जाते. या वाक्यात दोन शब्द तपासण्यासारखे आहेत. एक 'शेतकरी'. दुसरा 'शहर'.

शेतकरी म्हणजे कोण? कंपनीच्या हिशेबात उत्तर सरळ आहे, सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो. व्यवहाराला हे ठीक. पण ज्यांनी ती काळी कसली ते सगळे सातबाऱ्यावर असतात का? आम्ही हडपसरबद्दलच बोलत नाही, कुठल्याही बागायती गावाबद्दल बोलतोय. सालगडी असतो, खुरपणीच्या बाया असतात, उसाची तोड करणारे असतात. जॉन लॉक नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ, सतराव्या शतकातला, खाजगी मालकीचं समर्थन ज्याच्या नावानं आजही केलं जातं, तो म्हणतो की माणूस आपले कष्ट जमिनीत मिसळतो म्हणून ती त्याची होते. फार पटणारं म्हणणं आहे. वर्गात हे सांगितलं की शेतकऱ्याची पोरं ताठ बसायची. पण त्याच प्रकरणात पुढं लॉक सहज सांगून जातो, की माझ्या नोकरानं कापलेलं गवतही माझंच. बघा, म्हणजे कष्ट नोकराचे आणि मालकी धन्याची. कष्टातून मालकी येते हा सिद्धांत धन्याच्या दारात येऊन थांबला. सालगड्याचं काय, हा प्रश्न एका कोपऱ्यातल्या बसलेल्या पोरानं विचारेपर्यंत आम्ही तो परिच्छेद दरवर्षी वाचून पुढं जायचो असं समजू नका, तो परिच्छेदच आमचा तासाचा विषय असायचा. कारण आपल्याकडं त्याचं उत्तर कायद्यानं एकदा दिलेलं आहे. 'कसेल त्याची जमीन'. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा, आणि आपल्या मराठवाड्यात, तेव्हा हैदराबाद राज्य होतं, १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा. आज ज्यांच्या सातबाऱ्यावर नाव दिमाखात आहे अशा कित्येक घरांच्या आजोबांचं नाव त्या कायद्यानं तिथं लागलं. म्हणजे सातबारा आभाळातून पडलेला नाही. कष्टाला हक्क मानून सरकारनं तो लिहिला, आणि एका विशिष्ट दिवशी लिहिणं थांबवलं.

आणखी एक नाव तिथं कायम गळतं. बहिणीचं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला. जमीन कोरडवाहू असेपर्यंत कोणी त्याची आठवण काढत नाही. पण रस्ता रुंद झाला, प्लॉटिंग सुरू झालं, की पहिल्यांदा बहिणीला गाडी पाठवून बोलावतात. साडीचोळी होते, आणि तहसीलच्या आवारात हक्कसोडपत्रावर सही होते. तिनं सही नाही केली तर माहेर तुटतं. सही केली तर काळीची पांढरी झाल्यावर जे सोनं पिकतं त्यात तिचं काही नाही. राखी पौर्णिमेला पाचशेची नोट. ज्याला आपण 'कुटुंबांचा हिस्सा' म्हणतो, त्या कुटुंब नावाच्या पेटीच्या आतला हिशेब कोणत्याच प्रकल्पाच्या अहवालात येत नाही. आमच्या मते टाउनशिपचं मोजमाप तिथून सुरू व्हायला हवं, लिफ्टच्या वेगापासून नव्हे.

गावगाड्याची थोरवी गाणाऱ्यांतले आम्ही नाही. गाव म्हणजे काय होतं हे डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत १९४८ च्या नोव्हेंबरात स्पष्ट सांगितलेलं आहे, त्यात बदल करण्यासारखं आम्हाला काही दिसत नाही. तरी एक नोंद घ्या. जुनी पांढरी वसायची तेव्हा ज्याची काळी नव्हती त्याचाही वाटा मान्य केलेला असायचा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग. तो वाटा अपमानाचा होता, जातीच्या उतरंडीत बांधलेला होता, खळ्यावर हात पसरून घ्यायचा होता. नष्ट झाला ते योग्य झालं. पण त्याच्या जागी आलं काय? नव्या पांढरीत ज्याची जमीन नाही त्याला रोजंदारी आहे, आणि इमारत उभी राहिली की तीही नाही. अपमान गेला त्याबरोबर वाटाही गेला. वाटा ठेवून अपमान काढायचा होता, ते काम कोणी हातात घेतलंच नाही.

आता किमतीकडं वळू. तीन एकरातून करोडो झाले, ते कशामुळं? कष्टामुळं, दूरदृष्टीमुळं, हे आहेच. पण ती जमीन मौल्यवान झाली कशी, याचा इतिहास लांब आहे. मुठा नदीवर इंग्रज सरकारनं खडकवासल्याचं धरण बांधलं, १८७० च्या दशकात ते पूर्ण झालं. त्याचा उजवा कालवा पुण्यातून हडपसरवरून पुढं जातो. सुरुवातीला शेतकरी त्या पाण्याला बिचकत होते. महात्मा फुल्यांनी हडपसरच्या शेजारी मांजरीला शेत घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली, हे फार थोड्यांना माहीत असतं. मग हडपसरला कारखाने आले. सोलापूर रस्ता मोठा झाला. रेल्वे जवळ, विमानतळ जवळ. पुण्यात शंभर-सव्वाशे वर्षं फर्ग्युसनपासून पुढं जी कॉलेजं निघाली, त्यांतून शिकलेली पोरं मिळतात म्हणून आयटी आली. यातलं काय मगरांनी केलं? किंवा बिल्डरनं? कालव्याचा एक दगडही नाही. हे पैसे समाजानं दीडशे वर्षं घातलेले आहेत, कर भरून, धरणाखाली गावं बुडवून.

जॉन स्टुअर्ट मिल हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सांगत होता, की समाज पुढं जातो तशी जमिनीची किंमत मालकानं काही न करता वाढते, तेव्हा त्या वाढीवर समाजाचा हक्क आहे. १८७९ मध्ये अमेरिकेत हेन्री जॉर्जनं याच एका कल्पनेवर 'प्रगती आणि दारिद्र्य' या अर्थाच्या नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. जॉर्जचं सगळं आम्हाला मान्य नाही, एकाच कराच्या काठीनं सगळे साप मरत नाहीत. पण त्याचा प्रश्न अजून जिवंत आहे. मगरपट्ट्यात ही वाढ बिल्डरकडं न जाता शेतकऱ्याकडं गेली, म्हणजे एका खाजगी हातातून दुसऱ्या, अधिक लायक खाजगी हाताकडं गेली. तिसरा हात, ज्यानं कालवा खणला, तो हिशेबात आलाच नाही. त्या पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं इथं एक उत्तर मिळतं. बीडला का होत नाही? कारण बीडच्या काळीवर समाजानं तेवढं घातलेलंच नाही. आपल्याकडं माजलगावचा कालवा आहे तिथं बागायत आहे, बाकी जिल्हा आभाळाकडं बघतो. कारखानदारी म्हणाल तर ऊस गाळण्याची, आणि ऊस तोडायला माणसं बाहेर पाठवण्याची. ज्या रेल्वेसाठी तीन पिढ्यांनी मोर्चे काढले ती बीड शहरापर्यंत यायला २०२५ उजाडलं. आणि हेही सांगायला हवं, मगर हे हडपसरचं जुनं वजनदार घराणं आहे. अण्णासाहेब मगर सहकारातले आणि राजकारणातले मोठे गृहस्थ. फाईल मंत्रालयात कोणत्या टेबलावर अडते हे ठाऊक असलेली माणसं घरात असणं, हीसुद्धा एक जमीनच असते. ती सातबाऱ्यावर दिसत नाही.

जाता जाता सहकाराचं. सगळे भागधारक, जमिनीप्रमाणे शेअर, ही कल्पना साखर कारखान्याच्या मुलखात सुचली यात नवल नाही. पण सहकारी कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. सहकाराचं आमच्याकडं काय झालं ते आम्हाला सांगू नका, एकमताचे लोक ट्रॉलीत भरून कसे आणतात ते पाहिलंय. तरी तत्त्व म्हणून हा फरक लहान नाही.

आता दुसरा शब्द, शहर. ॲरिस्टॉटल 'राज्यशास्त्रा'च्या तिसऱ्या भागात विचारतो, की शहर एक आहे हे कशावरून म्हणायचं? भोवती एक भिंत आहे म्हणून? तसं असेल तर सगळ्या पेलोपोनीसला, म्हणजे दक्षिण ग्रीसच्या अख्ख्या प्रदेशाला, भिंत घालता येईल, म्हणून ते एक शहर होईल का? बॅबिलोनची गोष्ट तो सांगतो, की शत्रूनं ते घेतल्यावर तिसऱ्या दिवशीपर्यंत शहराच्या एका भागाला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच्या मते एकत्र राहणं, एकमेकांशी देवघेव करणं, संरक्षणाचा करार करणं, एवढ्यानं शहर होत नाही. ते सगळं सोसायटीही करते. म्हणजे ॲरिस्टॉटलला सोसायटी माहीत नव्हती, पण तिच्या मेंटेनन्सच्या बैठकीचं वर्णन त्यानं करून ठेवलंय असं वाटतं.

आपल्याकडं वसाहतीला 'सिटी' म्हणायची रीत मगरपट्ट्यानं रुजवली. त्याच लोकांचा पुढचा प्रकल्प सिंहगड रस्त्यावर, नांदेड सिटी. आमच्याकडचे लोक नाव ऐकून आधी गोदावरीच्या काठचं नांदेड समजतात, पण ते पुण्याजवळचं नांदेड गाव, सुमारे ७०० एकर. तिथल्या इमारतींच्या समूहांना रागांची नावं दिली आहेत, आसावरी, मधुवंती, सारंग. मगरपट्ट्यात फुलांची होती, आणि तीही डॅफोडिल, झिनिया, ट्रिलियम अशी. झिनिया निदान आपल्या अंगणात फुलतो. डॅफोडिल या महाराष्ट्रात इंग्रजी कवितेच्या तासालाच फुलतं. ज्या वावरांना माळ, खडक, चिंचेचं, थोरल्याचं अशी नावं असतात, त्यांच्यावर परदेशी फुलाचं नाव का चढवावं लागतं? विकत घेणाऱ्याला इथं आधी कोणी राहत-पिकवत नव्हतं असं वाटावं म्हणून. 'मगरपट्टा' हे नाव मात्र त्यांनी ठेवलं. मगरांचा पट्टा, जमिनीची पट्टी. आमच्या मते त्या सगळ्या वसाहतीतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट तिच्या कमानीवरचं नाव आहे.

शासनानंही २००५-०६ च्या सुमारास विशेष नगरवसाहतींचे नियम केले. किमान १०० एकर सलग जमीन पाहिजे, आणि रस्ते, पाणी, मैलापाणी, कचरा याची सोय विकासकानं आतल्या आत करायची. ऐकायला छान. नगरपालिकेवर बोजा नाही. पण याचा अर्थ असा, की ज्याला चांगलं पाणी परवडतं तो नगरपालिकेच्या पाण्यासाठी भांडायचं सोडून देतो. शहरात ज्याच्या शब्दाला किंमत आहे, ज्याचा फोन आयुक्त उचलतात, तोच माणूस रांगेतून बाहेर पडतो. मागं उरलेल्या रांगेचं कोण ऐकणार? याचं टोक बघायचं तर लवासा बघा. वरसगाव धरणाच्या काठचं अख्खं डोंगरी शहर एका कंपनीच्या हातात. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथं राहणाऱ्यांनी आता रस्त्याचा खड्डा कोणाला दाखवायचा? निवडून दिलेल्या नगरसेवकाला शिव्या तरी देता येतात.

आणि मग गेट. या प्रकारच्या वसाहतींचं खरं चिन्ह बाग नाही, आयटी नाही, गेट आहे. नक्कल होते ती याचीच. जुन्या गावाला वेस असायची. वेशीवर राखणीला वेसकर. येणारा कोण, कुठला, त्याची खबर पाटलाकडं त्यानं पोचवायची. गावाच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर, तो राहायचा कुठं? गावकुसाबाहेर. आता आजचा गेटवरचा माणूस बघा. पुण्याच्या पूर्व भागात एका सोसायटीत आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याच्याकडं गेलो तेव्हा गेटवरच्या माणसानं वहीत नाव लिहून घेतलं, वर फोन लावला. बोलण्यावरून ओळखलं, विचारलं, "गाव कोणतं?" म्हणाला, "गेवराई तालुक्यातला आहे, काका." विद्यार्थीही गेवराईचाच. एक अकराव्या मजल्यावर, एक गेटवर. बारा तासांची ड्युटी, आणि राहायला कुठं, तर नाल्याच्या पलीकडं पत्र्याच्या खोलीत चौघं मिळून. वेसकर बदलला, जात विचारत नाहीत, पगार रोख मिळतो, हे सगळं खरं. राहण्याची जागा मात्र तीच राहिली, वेशीच्या बाहेर. आमच्या विद्यार्थ्याला हे दिसत नाही असं नाही. तो म्हणाला, "सर, पोरं लहान आहेत, रस्त्यावर खेळू द्यायचं म्हणजे भीती वाटते." ही भीती खोटी नाही, आणि तिची टिंगल आम्ही करणार नाही. पण रस्ता सगळ्यांच्या पोरांसाठी धोक्याचा आहे, आणि गेट ठरावीक पोरांसाठी.

श्रीमंत उपनगर म्हटलं की असंच असणार, असं म्हणाल, तर मुंबईत दादरला चला. १८९६ मध्ये प्लेग आला, माणसं पटापट मेली, तेव्हा १८९८ मध्ये सरकारनं सुधार मंडळ स्थापलं, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. त्यानं दादर-माटुंग्याच्या शेतांतून आणि वाड्यांतून रुंद रस्ते आखले, प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातून उभ्या राहिल्या. नावांवरूनच कळतं, की जातीधर्माची भिंत तिथंही होती, फक्त विटांची नव्हती. पण रस्ते सगळ्यांचे राहिले. आणि शेजारी महापालिकेनं १९२५ मध्ये मैदान खुलं केलं, १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहानं त्याला शिवाजी पार्क नाव मिळालं. आज त्या मैदानासमोरच्या घराची किंमत ऐकली तर आपल्यासारख्या पेन्शनरला घाम फुटेल. पण मैदान कोणाचं? सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारी आपल्या बीड-परभणी-जालन्याची माणसं, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, कुठं उतरतात? त्याच मैदानात. महापालिका तिथं मंडप घालते, नळ लावते. तिथल्या रहिवाशांना गर्दीचा, भोंग्यांचा त्रास होतो, ते उच्च न्यायालयातही गेले आणि २०१० मध्ये तो शांतता क्षेत्र ठरला. जाऊ देत, तो त्यांचा हक्क आहे. तरीही त्या मैदानाला फाटक लावून पास मागता आलेला नाही. ॲरिस्टॉटलच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथं सापडतं. ज्याला तिथं घर नाही त्यालाही जिथं उतरता येतं, ते शहर.

आता बीड. नगर रस्ता, बार्शी रस्ता, जालना रस्ता, कुठंही बाहेर पडा, ज्वारीच्या रानात सिमेंटचे खुंट आणि कमान दिसेल. 'पुण्यासारखं जीवन आता बीडमध्ये'. कमान आधी, रस्ता नंतर, नळ कधीच नाही. शहरातच नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, तिथं रानात कोण देणार? बोअर घ्या, टँकर बोलवा. अनेक ठिकाणी एनएसुद्धा नाही, गुंठ्यानं विकलेलं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, तो मोडून तुकडे झाले, मग २००१ मध्ये ते नियमित करायला गुंठेवारीचा कायदा आला. शेतकरी त्यात भागीदार नाही, त्यानं एकदाच पैसे घेतले. घेणारा मास्तर नाहीतर तलाठी, आयुष्याची पुंजी घालून बसलाय. मध्ये जो आहे त्याची फक्त गाडी बदललेली दिसते. म्हणजे मगरपट्ट्यातलं जे घेण्यासारखं होतं, जमीन एकत्र करणं आणि मालकानं भागीदार राहणं, ते आम्ही घेतलं नाही. कमान घेतली.

एकत्र करण्यासाठी भाऊबंदकी सुधारायची वाट पाहायला नको. कायद्यात सोय आहे. नगररचना योजना. मुंबई इलाख्यात १९१५ चा कायदा होता, मराठवाडा तेव्हा निजामाकडं म्हणून आपल्याला तो उशिरा मिळाला, पण १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात ती आहे. परिसरातल्या सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, बाग, शाळा काढून घ्यायच्या, उरलेले नीट आकाराचे प्लॉट ज्याचे त्याला परत द्यायचे. किंमत वाढते त्यातला एक भाग सुधार आकार म्हणून नगरपालिकेनं घ्यायचा. दुर्बलांच्या घरांसाठी जागाही त्यात राखता येते. म्हणजे मगरांची कल्पना, मिलचा कर आणि दादरचा रस्ता, तिन्ही एकाच योजनेत बसतात. अहमदाबाद अनेक वर्षं याच पद्धतीनं वाढलं. तिथंही भांडणं झाली, योजना वर्षानुवर्षं रेंगाळल्या, हे खरं. पण रस्ते रस्ते राहिले. बीड, अंबाजोगाई, परळी, इथं पुढची पंचवीस वर्षं काळीची पांढरी होणारच आहे. रेल्वे आली, भाव चढले. ज्यांच्या रानाजवळून ती गेली त्यांना दलालाचे फोन रोज येत असतील.

आपल्या गावाचा, शहराचा विकास आराखडा नगरपालिकेत बघायला मिळतो. आपल्या घराभोवती शाळा, बाग, मैदान म्हणून कोणकोणते सर्व्हे नंबर राखून ठेवलेत आणि तिथं आज काय उभं आहे, एवढं बघून या. ज्यांना जमेल त्यांनी यादी पाठवा. पुढच्या वेळी हेन्री जॉर्ज घ्यायचा आहे, त्याच्या आधी अर्धा तास आपण या याद्या वाचू.